आधी गाळ, मग पाणी

फड म्हटलं की कोणाला कुस्त्यांचा फड आठवतो, कोणाला तमाशाचा, तर ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला उसाचा. आमच्या पांझराकाठी फड म्हणजे पाटाच्या पाण्याखालचा जमिनीचा एक मोठा पट्टा. त्यात मालक वीस-पंचवीस असोत की पन्नास, पीक मात्र एकच. गहू तर सगळा गहू. ऊस तर सगळा ऊस. कोणी म्हणेल, माझी जमीन, मी मला पाहिजे ते पेरीन. फडात तसं चालत नव्हतं, आणि ते चालत नव्हतं म्हणूनच कमी पाण्यात इतकी गावं इतकी वर्षं जगली.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती म्हणतात, बाबा, ही तर हुकूमशाही झाली. म्हणून मी हे सगळं नीट मांडून ठेवायचं ठरवलं. ज्यांनी फड चालता पाहिला अशी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली. पुस्तकात फडाचे नकाशे सापडतील. माणसं कशी वागत होती, कुठं भांडत होती आणि कशामुळं हे मोडलं, ते सांगायला पाटात उतरलेला माणूसच लागतो.

आधी नदीचं सांगतो. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगवते, साक्री तालुका ओलांडून धुळे शहरातून जाते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. वाटेत कान नदी तिच्यात येते. शेजारी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरम या दोन नद्या. मुल्हेर मोसमकाठी, सटाणा आरमकाठी. या दोघी गिरणेला मिळतात आणि गिरणा पुढं तापीला. फड पद्धत वाढली ती या तीन नद्यांच्या काठी. त्याला कारण आहे. या नद्या सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून येतात. तिकडं पाऊस धो धो पडतो. खाली आमच्या गावांवरून मात्र ढग नुसते पळतात. म्हणजे पाऊस दुसऱ्याच्या डोंगरावर आणि पाणी आमच्या दारावरून जाणारं. नदीला उतार चांगला, पात्रात जागोजाग खडक. त्या खडकावर आडवी भिंत घातली की पाणी थोडं वर चढतं आणि बाजूच्या पाटानं आपल्या पायानं चालत शेतात जातं. मोट नको, इंजीन नको.

ही भिंत म्हणजे बंधारा. तो धरणासारखा पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. पूर आला की पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातं. बंधाऱ्यापासून निघतो तो पाट, कुठं दोन-तीन किलोमीटर, कुठं दहा-बारा. पाटातून चाऱ्या फुटतात, चारीतून सारंग आणि सारंगातून शेतात पाणी. जादा झालेलं पाणी परत नदीत सोडायला ठिकठिकाणी सांडवे. एका बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते तिला थळ म्हणायचं. थळाचे बहुतेक ठिकाणी चार फड, कुठं तीन. एका फडात बारमाही ऊस, एकात रब्बीचा गहू-हरभरा, एकात पावसाळी पीक आणि एक पडीक किंवा कोरडवाहू. दुसऱ्या वर्षी पिकं पुढं सरकायची. जमिनीला विसावा मिळायचा, एकाच जमिनीत ऊसच ऊस असं होत नव्हतं.

आता यातली खरी गोम सांगतो. मूळची वाटणी अशी होती की थळातल्या प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. त्यामुळं उसाचा फड कोणता ठरला तरी प्रत्येकाच्या वाट्याला थोडा ऊस, थोडा गहू यायचा. आणि नदी आटली तर? मग पंच बसायचे आणि ठरवायचे की यंदा चारपैकी दोनच फड भिजवायचे. सगळ्यांचा निम्मा भाग भिजायचा, सगळ्यांचा निम्मा कोरडा राहायचा. एकाचं पूर्ण हिरवं आणि शेजाऱ्याचं पूर्ण करपलेलं, असं होत नव्हतं. दुष्काळ वाटून घ्यायची ही रीत होती. सुकाळ वाटून घ्यायला अक्कल लागत नाही, दुष्काळ वाटून घ्यायला लागते.

पाणी द्यायला शेतकरी स्वतः जात नसे. दारं धरायला थळाची माणसं नेमलेली असत. पाटकरी पाटाची आणि बंधाऱ्याच्या तोंडाची राखण करायचा. जागल्या शेताशेतात पाणी फिरवायचा आणि उभ्या पिकावर नजर ठेवायचा. मोठ्या थळात त्यांच्यावर हवालदार. गावागणिक कामाची वाटणी थोडी वेगळी, पण तत्त्व एकच: ज्याचं शेत त्याच्या हाती पाण्याचं दार द्यायचं नाही. या माणसांना पगार नव्हता. खळ्यावर रास पडली की प्रत्येक घरातून ठरलेलं धान्य. म्हणजे थळ पिकलं तर त्यांचं पोट भरणार. कोणाच्या शेताला पाणी चुकलं तर त्यांच्याच मापात घट येणार.

आमच्या थळात पाळी शेवटाकडून सुरू व्हायची. पाटाच्या अगदी शेपटाला ज्याचं शेत, त्याला पाणी पहिलं. लहानपणी मला हे उलटं वाटायचं. आजोबा म्हणायचे, तोंडाजवळच्याला पाणी दिसतंच, त्याला घाई नसते. शेपटाच्याला ते दिसत नाही, म्हणून त्याला आधी द्यायचं, म्हणजे तो रात्री पाट फोडायला येत नाही. पहिल्या पाळीचं पाणी शेपटाला पोचलं की तिकडून आरोळी उठायची, "पानी उनं रे भो, पानी उनं!" ती आरोळी पाटापाटानं तोंडापर्यंत यायची आणि मग बंधाऱ्यावर नारळ फुटायचा.

आता गाळाचं. पुरासोबत गाळ येतो. बंधाऱ्याच्या पोटात बसतो, पाटात बसतो. दरसाल काढला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत पाट उथळ होतो, त्यात बेशरम आणि गवत माजतं आणि पाणी शेपटाला पोचत नाही. म्हणून पावसाळा सरता सरता, दसऱ्याच्या आधी, थळाची दवंडी व्हायची. ज्याची जितकी जमीन तितकी माणसं त्यानं पाटात उतरवायची. फावडं, कुदळ, टोपली ज्याची त्यानं आणायची. पाटाच्या तोंडापासून शेपटापर्यंत सगळ्यांनी मिळून जायचं. माझ्या शेतापर्यंतचा पाट साफ झाला, आता मी चाललो, असं म्हणायची सोय नव्हती. जो आला नाही त्याला दंड. दंड भरीपर्यंत त्याच्या शेतात जागल्या पाणी सोडणार नाही. आजोबांचं एक ठरलेलं बोलणं होतं: आधी गाळ, मग पाणी.

आमच्या घरात थळाची एक वही आहे. पाठीला कापड लावलेली, लांबट, किराणा दुकानाच्या खतावणीसारखी. सुरवातीची पानं मोडीत आहेत, पुढची बाळबोधीत. तीत ना कोणाची थोरवी ना पराक्रम. अमुक दिवशी पाट काढला. अमुक घरची माणसं हजर. अमुक गैरहजर, दंड इतका. अमुकची गाय उसाच्या फडात शिरली, दंड इतका. एका पानावर तर पंचांपैकीच एकाला दंड लावल्याची नोंद आहे आणि खाली त्याचीच सही आहे. मला त्या पानाचं फार वाटतं. मोठमोठ्या इतिहासात राजानं न्याय केल्याच्या गोष्टी असतात. इथं आठ-दहा शेतकरी आपल्यातल्याच एकाला म्हणताहेत, तू चुकलास, भर. आणि तो भरतोय.

ही पद्धत किती जुनी? साधारण तीनशे-चारशे वर्षांची धरतात. गावोगाव याच्या गोष्टी आहेत. कुठं बंधारा एका रात्रीत भुतांनी बांधला म्हणतात, कुठं एखाद्या बाईनं आपले दागिने मोडून बांधला म्हणतात. मला गोष्टी आवडतात, पण भुतांनी बंधारा बांधला असेल तरी गाळ माणसांनीच काढला, एवढं मला नक्की ठाऊक आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याआधीच्या धामधुमीत मुलूख उजाड झाला होता, पुष्कळ बंधारे फुटलेले होते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये या भागातल्या बंधाऱ्यांची आणि पाटांची माहिती आहे. जे जुने बंधारे पुन्हा उभे करण्यासारखे होते, त्यांतल्या काहींची दुरुस्ती इंग्रज सरकारनं केली. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला.

याच काळात एक तरुण इंजिनिअर धुळ्याला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून लागले आणि खानदेशात त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक काम पांझरेच्या पाटाचं होतं. पाटाच्या वाटेत ओघळ आडवी येत होती, तिच्या पोटाखालून नळानं पाणी पलीकडं काढायचं. ऐन पावसाळ्यात त्यांनी ते पार पाडलं. पुढं हेच विश्वेश्वरय्या दख्खनच्या मोठ्या कालव्यांवर गेले तेव्हा त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे, उसाला ठराविक हिस्साच द्यायचा, बाकी हिश्शात हंगामी पिकं घ्यायची आणि पिकं फिरवत राहायची. हे वाचल्यावर पांझराकाठच्या माणसाला हसू येतं. हे तर आमच्या फडाचं भावंड.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी जुन्या काळाच्या आरत्या ओवाळतो आहे. तसं नाही. फडाला एक काळी बाजू होती आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होत नाही.

पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही आणि पंचांत जागाही नाही. आमच्याकडं जागले बहुतेक भिल्ल समाजाचे. रात्र रात्र थंडीत ज्यानं दारं धरली, कोणत्या सारंगाला किती वेळ लागतो हे ज्याला पाठ होतं, त्याला बैठकीत बसायला सतरंजी नव्हती. तो पारावरून दूर, उकिडवा बसायचा. विचारलं तर बोलायचा. खळ्यावर त्याचं माप भरताना हात आखडता घेणारीही घरं होती, वहीत त्याची नोंद नाही. दंड जागल्याला व्हायचा, जागल्याचं माप कमी भरलं म्हणून कोणाला दंड झालेला मी वाचलेला नाही. बायांचं तेच. पाटातला गाळ टोपल्यांनी वर टाकणाऱ्यांत निम्म्या बाया, पण हजेरीला नाव घरच्या पुरुषाचं. म्हणून कोणी जुना फड जसाच्या तसा परत आणा म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही.

आता मोडला कसा ते सांगतो. एका दिवसात नाही मोडला. तीन-चार गोष्टी पाठोपाठ आल्या आणि त्यांतली एकही वाईट हेतूनं आलेली नव्हती.

पहिली आली विहिरीवरची मोटर. आमच्याकडं आधी तेलाची इंजिनं आली, मग वीज. ज्याच्या फडातल्या शेतात विहीर, त्याला थळाच्या पाळीची वाट बघायची गरज उरली नाही. त्यानं मधूनच आपलं वेगळं पीक लावलं. पंच म्हणाले, फडात गहू ठरला आहे. तो म्हणाला, मी तुमच्या पाटाचं पाणी घेतच नाही. बोलणं खरं होतं. पण त्याच्या विहिरीला पाणी कुठून येत होतं? पाटाचं आणि भिजलेल्या फडाचं जे पाणी खाली मुरत होतं तेच त्याच्या विहिरीत उतरत होतं. हे जमिनीखालचं पाणी डोळ्याला दिसत नव्हतं, म्हणून वहीत त्याचं खातं नव्हतं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा पोरगा होतो. खडी फोडायला आई जायची, मी धाकट्या बहिणीला सांभाळत तिच्या मागं. सुकडी खाल्लेली आमची पिढी. त्या वर्षी पांझरेत डोहसुद्धा राहिले नाहीत. पंच बसले, एक फड भिजवायचा म्हणाले, पण एका फडाचंही पाणी पाटात आलं नाही. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी त्या आणखी खोल नेल्या. दुष्काळ संपल्यावर जो तो विहिरीच्या मागं लागला. सरकारनं कर्ज दिलं, बँकेनं दिलं. आपलं पाणी आपल्या बांधात असावं, असं भेदरलेल्या माणसाला वाटणारच. त्यात त्याचा दोष काढता येत नाही. पण दुष्काळ वाटून घ्यायची रीत त्या दुष्काळानंच खिळखिळी केली.

तिसरी गोष्ट धरणं. पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, तिकडं मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. धरणांची गरज होती. ती झाली म्हणून उन्हाळ्यात शहरांना आणि गावांना प्यायला पाणी मिळालं, हे मी नाकारत नाही. पण आमचा बंधारा नदीच्या वाहत्या पाण्यावर जगणारा. पावसाळा सरल्यावर जी धार दिवाळीपर्यंत, होळीपर्यंत टिकायची, ती आता वर अडली. पाणी येऊ लागलं ते सोडलं तेव्हा. कधी सोडायचं, किती सोडायचं हे गावाबाहेर ठरू लागलं. पंचांच्या हातून ठरवण्यासारखं काही उरलं नाही. ठरवायला काही नसेल तर माणसं बैठकीला कशाला येतील?

पण माझ्या मते खरा घाव पडला तो पाणीपट्टीच्या पावतीनं. रक्कम फार नव्हती. पण पावती हातात आली आणि माणसाच्या मनात एक हिशोब बसला: मी पैसे भरले, आता गाळ काढणं हे पैसे घेणाऱ्याचं काम. एका वर्षी दवंडी झाली तेव्हा चांगल्या घरची माणसं म्हणाली, सरकार काढील ना! एका कचेरीत आम्ही अर्ज दिला. साहेब म्हणाले, हा जुना गावचा पाट, तो आमच्याकडं येत नाही, तुमचं तुम्ही बघा. गाव म्हणतं सरकारचं, सरकार म्हणतं गावचं. मधल्या मधे पाट बुजत गेला.

वहीत हे सगळं दिसतं. सुरवातीच्या पानांवर हजेरीची नावं एका पानात मावत नाहीत, मागच्या बाजूला गेलेली आहेत. मग हळूहळू अर्धं पान कोरं राहू लागतं. मग दंडाची नावं हजेरीपेक्षा जास्त होतात. मग दंड लावलेला आहे, पण भरल्याची खूण नाही. शेवटच्या दोन पानांवर नुसती तारीख आणि "पाट काढला नाही" एवढंच. ते अक्षर माझ्या वडिलांचं आहे. त्यापुढं वही रिकामी.

यातून शिकण्यासारखं एकच आहे आणि ते फक्त पांझरेपुरतं नाही. लोक म्हणतात फड म्हणजे पाण्याची वाटणी. माझ्या अनुभवानं फड म्हणजे आधी कामाची वाटणी. पाण्यावरचा हक्क हा गाळ काढण्यातून येत होता. जोवर हक्क आणि काम एका दोरीनं बांधलेले होते तोवर बंधारा टिकला. हक्क पावतीला बांधला गेला आणि काम मोकाट सुटलं, तेव्हा चुन्यात बांधलेला दगडही निकामी झाला. रानाचं, गायरानाचं, तळ्याचं, सगळ्याचं असंच आहे. सांभाळणारे आणि वापरणारे वेगळे झाले की ती वस्तू वापरून संपते.

रानाचं उदाहरण लांबचं द्यायला नको. आमच्याच साक्री तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगरात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. चैत्राम पवारांच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी उजाड झालेलं जंगल राखून पुन्हा उभं केलं. कुऱ्हाडबंदी केली, नियम लावले, मोडणाऱ्याला दंड लावले आणि राखण पाड्यातल्या माणसांनीच केली. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पद्मश्रीच्या बातम्या सगळीकडं आल्या, दंडाच्या नियमाबद्दल कोणी फार लिहिलं नाही. मला वाटतं गाभा तिथंच आहे. ज्यांनी राखलं त्यांनाच लाकूड, चारा, पाणी मिळालं. हा आमच्याच फडाचा कायदा, फक्त पाटाऐवजी जंगलाला लावलेला.

आता नदीच्या पोटाकडं येतो, कारण आजचं संकट तिथं आहे. बंधारा जितका वाळूवर अवलंबून आहे तितका दगडावर नाही, असं मी म्हटलं तर शहरातला माणूस हसेल. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जी वाळू असते ती त्याच्या पायाला उशी असते. ती उपसली की पात्र खोल जातं, पडणारं पाणी पायाशी खड्डा खोदतं आणि एका पुरात भिंत मागं रेलते. शिवाय वाळू पाणी धरून ठेवते. वाळू गेली की पूर आला तसा वाहून जातो आणि काठच्या विहिरी माघ महिन्यातच तळ दाखवतात. गौण खनिजाच्या उपशाला, पट्टा लहान असला तरी, पर्यावरणाची परवानगी लागेल असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं. आमच्या नदीत रात्री उतरणारे ट्रॅक्टर निकालपत्रं वाचत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात बंधाऱ्याच्या खालचा वाळूचा पट्टा देण्याविषयी ग्रामसभेत विषय निघाला. गावाला पैसा मिळेल, रस्ता होईल, पोरांच्या ट्रॅक्टरला काम मिळेल, असं बोलणं झालं. बोलणारे वाईट नव्हते. ज्या पोराला शेतीत पुरत नाही आणि ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर आहे, त्याला वाळू दिसते तेव्हा हप्ता दिसतो. सभा तिकडंच झुकत होती. तेव्हा शेवटच्या जागल्याची विधवा सून उठली. आयुष्यात ती सभेत बोललेली नव्हती. ती म्हणाली, "माझा सासरा म्हणायचा, बंधाऱ्याखालची वाळू हलली की बंधारा हलतो. तुमची जमीन बंधाऱ्याखाली आहे, आमची तर नाहीच. पण प्यायचं पाणी आम्ही त्याच डोहाजवळ झिऱ्यातून भरतो. तुम्ही विकत घ्याल, आम्ही कुठून घेऊ?" सभेत कोणी काही बोललं नाही. ठराव झाला नाही. ज्या घराला दोन-तीनशे वर्षं पंचांत जागा नव्हती, त्या घरानं त्या दिवशी बंधारा राखला. रात्रीचे ट्रॅक्टर अजून पूर्ण थांबलेले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण गावाच्या सहीनं ते काम झालेलं नाही.

दरम्यान कायदेही बदलले. २००५ साली महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडून व्हावं असा कायदा झाला. पाणीवापर संस्था करायच्या, पाणी मोजून घ्यायचं, वाटप संस्थेनं करायचं. त्याच्या आधीपासून नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडं वाघाड धरणाखालच्या शेतकऱ्यांनी संस्था करून पाण्याचा कारभार स्वतः हाती घेतला होता आणि तो चांगला चालवून दाखवला. म्हणजे जे आमच्या आजोबांनी केलं ते आजच्या काळात, मीटर आणि नोंदवहीसकट, करता येतं. मी काही संस्था कागदावरच्याही पाहिल्या आहेत. बोर्ड आहे, शिक्का आहे, अध्यक्ष आहे, चारीत मात्र बाभूळ उगवलेली आहे. कायदा दार उघडून देतो, फावडं घेऊन आत आपल्यालाच जावं लागतं.

आमच्या थळाच्या चार फडांपैकी आज दीड फड कसाबसा पाटावर भिजतो, तोही पावसाळ्यानंतरचे दोन-अडीच महिने. बाकी सगळं विहिरी आणि बोअरवर. बोअर तीनशे फुटांवर गेली तेव्हा माणसांना पाट आठवला. पाट वाहिला की विहिरींना पाणी उतरतं, हे आता पोरंही बोलून दाखवतात, कारण पाट साफ झालेल्या बाजूच्या विहिरी महिनाभर जास्त टिकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आता थळाची नवी बैठक सुरू झाली आहे. तीत चार गोष्टींवर एकमत झालं आहे. एक, पाटाचं पाणी घेणारा आणि पाटाच्या जोरावर विहीर भरणारा, दोघांनीही गाळ काढायला माणूस द्यायचा. दोन, हजेरीला बाईचं नाव बाईच्याच नावानं लागेल. तीन, ज्यांना जमीन नाही त्यांचे दोन पंच बैठकीत बसतील, कारण नदी त्यांचीही आहे. चार, बंधाऱ्याच्या वर आणि खाली ठराविक अंतरात वाळूला हात लावायचा नाही. फडात एकच पीक घ्यायचं यावर एकमत झालेलं नाही आणि ते होईल असं मला वाटतही नाही. कांद्याचा भाव आणि कापसाचा भाव ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळा आहे. निदान उसाला हद्द असावी, एवढ्यावर बोलणं चालू आहे.

जुन्या वहीतली कोरी पानं पुष्कळ आहेत. नवी वही आणू म्हणून पोरं म्हणत होती, मी नको म्हटलं. तीच पुढं लिहायची. वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढून ठेवली आहे. यंदा पाऊस सरला की दवंडी द्यायची आणि पाटात उतरायचं ठरलं आहे. फावडी घरोघर आहेत. किती माणसं उतरतात ते त्या दिवशी लिहून ठेवू.